रिकामी खुर्ची

मराठी माणसाला सभेचे वेड आहे आणि सभेला अध्यक्षाचे. चार माणसे एके ठिकाणी जमली, की पाचव्याला अध्यक्षस्थान स्वीकारण्याची विनंती करावयाची, सहाव्याने तिला अनुमोदन द्यावयाचे आणि सातव्याने हार घेऊन उभे राहावयाचे, ही आपली फार जुनी रीत आहे. वक्ता ऐनवेळी आला नाही तर सभा कशीबशी उरकता येते. श्रोते थोडे आले तर खुर्च्या विरळ मांडता येतात. अध्यक्ष मिळाला नाही, तर मात्र चिटणिसांच्या तोंडचे पाणी पळते.

आमचा भंडारा जिल्हा या बाबतीत पुण्यामुंबईच्या मागे नाही. साकोली तालुक्यातले एकोडी आणि त्याच्या आसपासची गावे म्हणजे धानाचा आणि तळ्यांचा मुलूख. दिवाळी सरली, की इकडे मंडईचे दिवस सुरू होतात. आज या गावची मंडई, उद्या त्या गावची. दिवसा बाजार, पाहुणेरावळे आणि दंडार. रात्री मांडवात नाटक, ते थेट कोंबडा आरवेपर्यंत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत झाडीपट्टीची ही रंगभूमी आजही तिकीट लावून आणि मांडव भरून चालते. पडदा वर जाण्याआधी उद्घाटक, अध्यक्ष आणि प्रमुख अतिथी यांची नावे पुकारली जातात. प्रेक्षक ती भाषणे मुकाट्याने ऐकून घेतात. कारण ती संपल्यावाचून नाटक सुरू व्हावयाचे नाही, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असते.

परंतु याच मांडवात आणखी एक गोष्ट नजरेस पडते. रात्री जो राजा होतो, किंवा राजाचा वैरी होतो, त्यांतला कोणी चार दिवसांपूर्वी बांधावर विळा घेऊन उभा असतो, कोणी शाळेत फळ्यापाशी. काम आणि कला यांची येथे फारकत झालेली नाही. पोटाचा उद्योग एक आणि जिवाचा छंद दुसरा, असे दोन्ही संसार एकच माणूस गोडीने चालवतो. त्याला कोणी ‘हौशी’ म्हटले तर तो रागावत नाही. आणि ‘कलावंत’ म्हटले तर फुगतही नाही.

काम, कला आणि सभा या तिन्हींचा असाच संसार एका मोठ्या मराठी माणसाने जन्मभर केला, आणि रिकाम्या अध्यक्षीय खुर्चीवर एक अजब कथाही लिहिली. जयंत विष्णु नारळीकर हे त्यांचे नाव. शास्त्रज्ञ म्हणून ते जगाला माहीत होते. येथे मात्र आपण त्यांच्याकडे विज्ञानकथाकार म्हणून पाहू. कारण काम, कला आणि लोकजीवन यांच्याविषयी त्यांनी जो विचार केला, तो त्यांच्या कथांत आणि वागण्यात फार स्वच्छ दिसतो.

नारळीकरांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापुरात झाला. बालपण मात्र गेले काशीत. वडील विष्णु वासुदेव नारळीकर हे बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक, आई सुमतीबाई संस्कृतच्या जाणकार. घराच्या भिंतीवर मुलांसाठी फळे लावलेले होते. मोरूमामा म्हणून एक मामा घरी राहावयास आले. ते त्या फळ्यावर एखादे अवघड गणित लिहीत आणि वर मथळा देत : ‘जे. व्ही. एन.साठी आव्हान’. गणित सुटेपर्यंत फळा पुसावयाचा नाही, असा शिरस्ता. ही तीन आद्याक्षरे वाचकांनी लक्षात ठेवावीत. पुढे ती पुन्हा भेटणार आहेत.

काशीहून ते केंब्रिजला गेले आणि फ्रेड हॉइल यांचे शिष्य झाले. हे गुरुजी मोठे नामी होते. ताऱ्यांच्या पोटात मूलद्रव्ये कशी घडतात, याचा शोध घेणारा हा खगोलशास्त्रज्ञ फावल्या वेळात कादंबऱ्या लिही. सूर्यमालेत शिरणाऱ्या एका प्रचंड काळ्या मेघाची त्यांची कादंबरी १९५७ साली प्रसिद्ध झाली होती. शास्त्रज्ञाने गोष्टी रचणे म्हणजे पंतोजीने तमाशात उभे राहणे, असा समज त्या काळी आपल्याकडे बराच होता. हॉइल यांच्या हाताखाली शिकणाऱ्या तरुणाला तो समज शिवण्याचा संभव नव्हता. संशोधन आणि कथालेखन एकाच टेबलावर होऊ शकते, हे त्याने रोज डोळ्यांनी पाहिले.

जून १९६४ मध्ये हॉइल आणि नारळीकर यांनी गुरुत्वाकर्षणाचा आपला नवा सिद्धान्त लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडला. वर्तमानपत्रांनी ती बातमी जगभर नेली, आणि भारतात तर एकच गजर झाला. १९६५ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्यांना पद्मभूषण मिळाले. ज्या वयात आपल्याकडची मुले नोकरीचे अर्ज टाइप करून घेत असतात, त्या वयात या तरुणाच्या व्याख्यानांना लोकांची झुंबड उडू लागली. सिद्धान्त किती जणांना कळला असेल, हा प्रश्न वेगळा. हार घालण्यासाठी सिद्धान्त कळावाच लागतो, असे नाही.

येथे त्यांच्या आयुष्याला एक धोक्याचे वळण होते. इतक्या लवकर मिळालेल्या कीर्तीने भलेभले नुसते भाषणांचे धनी होऊन बसतात. नारळीकर केंब्रिजला परतले आणि कामाला लागले. १९६६ साली त्यांचा विवाह मंगला राजवाडे यांच्याशी झाला. त्या स्वतः गणिताच्या पंडिता होत्या. १९७२ साली हे कुटुंब भारतात आले आणि नारळीकर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले.

आता कथेची कथा. विज्ञानकथा मराठीला अगदीच नवी होती, असे नाही. विसाव्या शतकाच्या आरंभीच ज्यूल व्हेर्नच्या चंद्रप्रवासाचे रूपांतर ‘केरळ कोकिळ’ मासिकातून क्रमशः येऊन गेले होते. पुढे भा. रा. भागवतांनी व्हेर्नच्या कादंबऱ्या मराठी मुलांच्या हाती दिल्या आणि दोन-तीन पिढ्यांच्या सुट्ट्या सुखाच्या केल्या. परंतु वाङ्मयाच्या पंगतीत या कथेचे पान मांडले जात नव्हते. ती पोरांची करमणूक, एवढीच तिची प्रतिष्ठा. १९६६ साली मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. तिने विज्ञानकथांच्या स्पर्धा सुरू केल्या, तेव्हा कोठे मोठ्या माणसांनी मोठ्या माणसांसाठी अशी कथा लिहावी याला उत्तेजन मिळाले.

अहमदाबादेत एका परिसंवादाला नारळीकर बसले होते. चाललेले भाषण अतिशय रटाळ होते. अशा वेळी तुम्ही-आम्ही डुलकी घेतो. त्यांनी समोरच्या कागदांवर कथा लिहावयास घेतली. तीच ‘कृष्णविवर’. १९७४ साली ती परिषदेच्या स्पर्धेत गेली. मात्र लेखक म्हणून तिच्यावर नाव होते नारायण विनायक जगताप. हे जगताप कोण? काशीच्या फळ्यावरची तीन आद्याक्षरे उलटीकडून वाचा, म्हणजे उलगडा होईल. परीक्षकांनी हस्ताक्षरही ओळखू नये, म्हणून कथेची प्रत मंगलाबाईंनी आपल्या हाताने उतरून दिली. कथेला पहिले बक्षीस मिळाले, आणि मग जगताप कोण ते बाहेर आले.

या लहानशा प्रसंगाकडे मी निव्वळ गंमत म्हणून पाहत नाही. पद्मभूषण पदरी असलेल्या माणसाने आपली पहिली कथा आपल्या नावाने कोणत्याही संपादकाकडे पाठवली असती, तर ती मानाने छापली गेली असती. त्यामुळे तो लेखक ठरला असता. कथा मात्र कथा म्हणून ठरली नसती. प्रयोग करताना बाहेरचा परिणाम आत शिरू नये म्हणून शास्त्रज्ञ जशी दक्षता घेतो, तशीच येथे घेतलेली दिसते. कीर्ती हा असाच एक बाहेरचा परिणाम. तो वगळून कृतीचे वजन करावे, हा त्यांच्या कलाविचाराचा पहिला धडा.

दुसऱ्याच वर्षी, १९७५ साली, कऱ्हाडला मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्षस्थानी दुर्गाबाई भागवत होत्या. देशात आणीबाणी होती. त्या संमेलनात दुर्गाबाईंनी लेखकाच्या स्वातंत्र्याची बाजू कशी निर्भयपणे मांडली आणि जयप्रकाश नारायण यांच्या स्वास्थ्यासाठी भर सभेत प्रार्थना कशी केली, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्याच अध्यक्षीय भाषणात त्यांनी नारळीकरांच्या विज्ञानकथेचे मराठीतली नवी वाट म्हणून स्वागत केले, हे मात्र तितके कोणाच्या ध्यानात राहिले नाही. लोककथांची आणि जातककथांची ती थोर अभ्यासक. तिला या नव्या कथेत आपल्याच गोतावळ्यातले पोर दिसले असावे. आकाशातून येणारा पाहुणा, एका रात्रीत सरून जाणारी शंभर वर्षे, या गोष्टी आपल्या आजीबाईंना कधीच परक्या नव्हत्या. अध्यक्षाची खुर्ची कशासाठी असते, याचे उत्तर कऱ्हाडने दोन प्रकारे दिले. सत्तेपुढे न वाकण्यासाठी, आणि नव्या लेखकाकडे बोट दाखवण्यासाठी.

पुढे ‘किर्लोस्कर’चे संपादक मुकुंदराव किर्लोस्कर यांनी आग्रह धरला आणि नारळीकर लिहीत राहिले. ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह आला. ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’, ‘व्हायरस’ या कादंबऱ्या आल्या. विज्ञान सामान्य वाचकाच्या दारापर्यंत न्यावे, हा आपला हेतू त्यांनी कधी झाकला नाही. चांगल्या विज्ञानकथेची त्यांची कसोटी कडक होती. कथेतले विज्ञान काढून घेतले तरी कथा उभी राहत असेल, तर ते विज्ञान म्हणजे नुसती झालर. आणि आज ठाऊक असलेल्या नियमांना धाब्यावर बसवून चमत्कार घडत असतील, तर ती परीकथा. जे आज सिद्ध आहे तेथून पाऊल उचलावे आणि जे उद्या शक्य आहे तेथे ते ठेवावे, हा त्यांचा मार्ग.

या मार्गाला काही तोटेही आहेत, हे सांगितले पाहिजे. त्यांच्या कथांत माणसे पुष्कळदा घाईत भेटतात आणि घाईत निघून जातात. त्यांची दुःखे आपल्या मनात फार काळ रेंगाळत नाहीत. शेवटी कोणी तरी विद्वान मित्र येतो आणि झाल्या प्रकाराचा शास्त्रीय खुलासा करतो, तेव्हा कथेतून एकदम वर्गात आल्यासारखे वाटते. परंतु तो वर्ग चांगल्या शिक्षकाचा असतो. भाषा सरळ, वाक्ये तुटक, आणि पांडित्याचा लवलेश नाही. मास्तरांची आणि विद्यार्थ्यांची मराठी ज्या पातळीवर भेटते, त्या पातळीवर त्यांनी जाणूनबुजून लिहिले. आमच्याकडचा सातवी शिकलेला शेतकरी ‘उजव्या सोंडेचा गणपती’ एका बैठकीत वाचतो. आणि अवकाशाला पीळ पडला तर उजव्याचे डावे कसे होईल, यावर शेजाऱ्याशी वाद घालतो. हे यश मला लहान वाटत नाही.

आता त्या रिकाम्या खुर्चीकडे वळू. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही नारळीकरांची कथा पुष्कळांनी वाचली असेल. एनसीईआरटीच्या अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात तिचे रूप घेतले गेले, त्यामुळे देशभरच्या मुलांना ती माहीत झाली. गंगाधरपंत हे पुण्याचे इतिहासकार. सभांची अध्यक्षपदे भूषवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. नऊशे नव्व्याण्णव सभा झालेल्या. हजारावी पानिपतावरच व्हावयाची. तेवढ्यात एक अपघात होतो आणि पंत भलत्याच भारतात जाऊन पडतात. तेथे १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागलेली नाही. कानाजवळून निघून गेली आहे. मराठे जिंकले आहेत. त्यांनी शास्त्र आणि यंत्रविद्या शिकून घेतली आहे, आणि कंपनी सरकारचा पसारा मुंबईसारख्या थोड्या ठिकाणी आवरून राहिला आहे. पंत ग्रंथालयात जाऊन इतिहासाचे खंड चाळतात, तो ते त्यांच्याच नावचे!

संध्याकाळी ते मैदानावरच्या एका सभेला जातात. वक्ता बोलत असतो. व्यासपीठावर अध्यक्षाची खुर्ची आहे, पण ती रिकामी. पंतांना हा अनर्थ सोसवत नाही. ते तडक जाऊन खुर्चीवर बसतात आणि बोलू लागतात. श्रोते ओरडतात, की प्रास्ताविके, अध्यक्षीय समारोप आणि आभार यांना आम्ही केव्हाच रजा दिली आहे. आम्हाला वक्त्याचे ऐकावयाचे आहे. पंत ऐकत नाहीत. मग टोमॅटो, अंडी आणि इतर वस्तू येऊ लागतात, लोक मंचाकडे धावतात आणि पंत त्या जगातून नाहीसे होतात. शुद्धीवर आल्यावर ते आपल्या हजाराव्या सभेच्या चालकांना नकार कळवून टाकतात.

इतिहासाच्या अभ्यासकाने या कथेकडे थोडे थांबून पाहावे. आम्ही इतिहास शिकतो तो एकेरी रस्त्यासारखा : हे झाले, म्हणून ते झाले. एका गोळीने तिळभर वाट बदलली असती तर, हा प्रश्न आमच्या परीक्षेत येत नाही. कथेत तो येतो, आणि उत्तर मिळते ते पराक्रमाचे गोडवे गाणारे नाही. मराठे जिंकले एवढ्याने नारळीकर थांबत नाहीत. जिंकल्यावर त्यांनी शाळा काढल्या का, यंत्रे ओळखली का, राज्यकारभार लोकांच्या हाती दिला का, हे त्यांना महत्त्वाचे वाटते. तलवारीने मिळवलेला विजय विद्येने टिकतो, हा या कथेचा गाभा आहे. रिकामी खुर्ची त्याच गाभ्यातून आली आहे. जो समाज विचार ऐकावयास येतो, त्याला मानकऱ्याची वाट पाहावी लागत नाही.

आमच्या जिल्ह्याला तर इतिहासाच्या अशा फाट्यांची चांगली ओळख आहे. हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. १८५३ साली तिसरे रघूजी पुत्राशिवाय वारले आणि राज्य इंग्रजांनी खालसा केले. १८६१ साली मध्य प्रांत निर्माण झाला, त्यात भंडारा गेला. १९५६ साली तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात आला, आणि १९९९ साली त्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला. एकाच घरातल्या आजोबा, बाप आणि मुलगा यांच्या दाखल्यांवर राज्यांची वेगवेगळी नावे सापडतात. शेत मात्र जेथल्या तेथे. गादीवर कोणी का बसेना, तळ्याची पाळ बांधणारा आणि रोवणी करणारा हात चुकला असता, तर हा मुलूख उपाशी राहिला असता. गंगाधरपंतांना हे समजावयाला दुसऱ्या जगात जावे लागले.

कोणी म्हणेल, सभेच्या खुर्चीची थट्टा करणारा लेखक लोकजीवनापासून दूर राहिला असेल. तसे झाले नाही. १९८८ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने पुण्यात ‘आयुका’ ही खगोलविज्ञानाची संस्था काढली, तिचे नारळीकर संस्थापक संचालक झाले आणि २००३ सालापर्यंत त्यांनी तो कारभार पाहिला. देशभरच्या लहानमोठ्या विद्यापीठांतल्या अध्यापकांनी तेथे यावे, काम करावे आणि आपल्या गावी परत जाऊन शिकवावे, अशी तिची रचना. शाळेच्या मुलांसाठी शनिवारची व्याख्याने सुरू झाली. पुढे मुलांनी हाताने खेळणी करून विज्ञान शिकावे म्हणून तेथे एक खास वास्तू उभी राहिली. तिला पैसा दिला पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानने आणि नाव मिळाले ‘पुलस्त्य’. सप्तर्षींतला एक तारा आणि मराठीचा लाडका लेखक, दोघांचीही आठवण त्या एका नावात राहिली. कला आणि विज्ञान यांच्या संबंधांवर आपल्याकडे परिसंवाद पुष्कळ झाले. त्या संबंधाला विटामातीचे घर मिळाले ते येथे.

सही मागणाऱ्या मुलांनाही त्यांनी एक युक्ती लावून दिली होती. वहीवर सही मिळावयाची नाही. पोस्टकार्डावर विज्ञानातला एखादा प्रश्न लिहून पाठवा, उत्तर लिहून खाली सही करीन. अशी कितीतरी पोस्टकार्डे गेली आणि आली. पुण्याच्या सभागृहात ज्याला पुढची खुर्ची मिळाली असती, त्याच्यापेक्षा एकोडीसारख्या खेड्यातल्या मुलाला या रीतीने अधिक लाभ. कारण पोस्टाच्या पेटीला पुढची रांग आणि मागची रांग नसते. शिवाय सही मिळवण्यासाठी आधी एक प्रश्न सुचावा लागे. प्रश्न सुचणे ही विज्ञानाची पहिली पायरी; ती मुलाने आपल्या पायाने चढलेली असे.

लोकजीवनातला त्यांचा दुसरा मार्ग अधिक काट्यांचा होता. ‘धूमकेतू’ या त्यांच्या कथेत कलकत्त्याचा एक हौशी आकाशनिरीक्षक नवा धूमकेतू शोधतो, आणि तोच धूमकेतू पृथ्वीवर आदळणार असे गणित सांगते. शास्त्रज्ञ गुप्तपणे खटपट करून त्याची वाट वळवतात. इकडे घरी शांती चाललेली असते. अरिष्ट टळल्याचे श्रेय तिलाच मिळते. लेखकाने घरच्या मंडळींची टवाळी केलेली नाही. आपल्या देशात दोन काळ एकाच छपराखाली कसे नांदतात, हे त्याने दाखवले आहे.

२००१ साली विद्यापीठांत फलज्योतिष शिकवण्याची योजना निघाली, तेव्हा नारळीकरांनी तिला उघड विरोध केला. परंतु नुसता विरोध करून ते थांबले नाहीत. २००८ साली सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह त्यांनी पुण्यात एक चाचणी घेतली. १०० हुशार मुलांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या अशा २०० पत्रिका जमवल्या. भाग घेणाऱ्या ५१ ज्योतिष्यांना प्रत्येकी ४० पत्रिका पाठवल्या आणि विचारले, यांतल्या हुशार मुलांच्या कोणत्या? २७ जणांची उत्तरे आली. बरोबर उत्तरांची सरासरी भरली शेकडा ४६. एका संस्थेने सगळ्या २०० पत्रिका तपासल्या. तिची १०२ उत्तरे बरोबर निघाली. नाणे उडवून छापाकाटा केला असता तरी साधारण निम्मी बरोबर आली असती.

या चाचणीत मला जे भावते ते तिचे सौजन्य. कोणाला ढोंगी म्हटले नाही, कोणाच्या श्रद्धेवर शिव्यांचा भडिमार केला नाही. तुमचे म्हणणे काय, ते आपण दोघे मिळून तपासू, एवढीच भूमिका. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. दाभोलकरांची गोळ्या घालून हत्या झाली. पत्रिका मोजणाऱ्या चौघांपैकी एकाला गोळीने गाठले. गोळी कानाजवळून निघून जाण्याचे भाग्य कथेत विश्वासरावांना लाभले. येथे लाभले नाही. शांतपणे प्रश्न विचारणे हेही आपल्या काळात धोक्याचे काम होऊ शकते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या २०० पत्रिकांचे वजन कळते.

विज्ञानाच्या क्षेत्रातही नारळीकर गर्दीच्या रस्त्याने गेले नाहीत. विश्वाचा जन्म एका महास्फोटात झाला, हे मत १९६५ साली सापडलेल्या सूक्ष्मलहरींच्या प्रारणामुळे बळकट झाले आणि बहुतेक जाणकारांनी ते स्वीकारले. नारळीकर मात्र हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्याबरोबर १९९३ साली वेगळा सिद्धान्त मांडते झाले, आणि अखेरपर्यंत रूढ मताला शंका विचारीत राहिले. त्यांचे मत बहुसंख्यांनी मानले नाही. त्याबद्दल त्यांनी कधी आकांडतांडव केल्याचे ऐकिवात नाही. आपण अल्पमतात आहो, एवढ्याने आपण खरेही ठरत नाही आणि खोटेही ठरत नाही. पुरावा काय सांगतो ते पाहावे. घडले नाही ते घडले असते तर काय, असा प्रश्न विचारणारी कथा आणि सर्वांनी मानले ते तसे नसेल तर काय, असा प्रश्न विचारणारे संशोधन, ही दोन्ही एकाच मनाची अपत्ये होत.

शेवटी ती खुर्ची त्यांच्याच वाट्याला आली. ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्राला २०१४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला होता. बनारस, केंब्रिज, मुंबई आणि पुणे ही ती चार नगरे. पुढे नाशिकच्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून त्यांची निवड झाली. कऱ्हाडच्या अध्यक्षांनी ज्या वाटेचे स्वागत केले होते, ती वाट सेहेचाळीस वर्षांनी अध्यक्षपदापर्यंत पोहोचली. साथीच्या रोगामुळे संमेलन लांबले आणि डिसेंबर २०२१ मध्ये भरले. तोवर प्रकृतीने साथ सोडली होती. ते नाशिकला जाऊ शकले नाहीत. त्यांचे विचार त्यांच्या गैरहजेरीतच श्रोत्यांपर्यंत पोहोचले.

त्या गैरहजेरीची चर्चा बरीच झाली. हळहळही झाली, रुसवाही झाला. गंगाधरपंतांची कथा ज्यांना आठवली असेल, त्यांना मात्र त्यात एक निराळा अर्थ दिसला असेल. व्यासपीठावर अध्यक्ष नाही आणि मांडवात त्याचा विचार आहे, अशी सभा नारळीकरांनी कित्येक वर्षांपूर्वी कागदावर भरवून ठेवली होती. फरक इतकाच, की कथेतल्या लोकांनी अध्यक्षाला आपण होऊन निरोप दिला होता. आपल्याला ती सवय अजून लागलेली नाही.

१७ जुलै २०२३ रोजी मंगलाबाई गेल्या. २० मे २०२५ रोजी पुण्यात नारळीकरांनी देह ठेवला. नावामागचा लौकिक बाजूला ठेवून नारायण विनायक जगताप म्हणून जो माणूस परीक्षेला बसला, त्याची कृती आता खरोखरच तिच्या लेखकावाचून आपल्यापुढे उभी आहे. तिचे वजन आपण वाचकांनी करावयाचे आहे.

ते करताना झाडीपट्टीच्या मांडवातला न्याय लावावा, असे मला सुचवावेसे वाटते. तेथे प्रेक्षक नटाला विचारीत नाही, की तू दिवसा काय करतोस. रात्री त्याने राजा उभा केला का, एवढे पाहतो. आणि सकाळी तोच राजा बांधावर दिसला, तर त्याला रामराम करतो. दोन्ही ठिकाणी माणूस एकच असतो आणि दोन्ही ठिकाणी त्याचा मान राहतो. ज्या समाजात खगोलशास्त्रज्ञाने कथा लिहिली आणि शेतकऱ्याने नाटक केले तरी कोणाला नवल वाटत नाही, त्या समाजाची वाढ खुंटत नाही.

दिवाळीच्या या रात्रींना चंद्र नसतो आणि गावाबाहेर तळ्याच्या पाळीवर उभे राहिले, की तारे फार स्वच्छ दिसतात. घरातल्या एखाद्या पोराने वर बोट दाखवून काही विचारले, तर त्याला फराळाच्या ताटाकडे वळवू नये. उत्तर येत असेल तर द्यावे. येत नसेल तर त्याच्याच हाताने प्रश्न एका पोस्टकार्डावर लिहून घ्यावा. उत्तर देणारा कोणी ना कोणी भेटतो. आणि त्यासाठी कोणाला अध्यक्षस्थान स्वीकारण्याची विनंती करावी लागत नाही.